टीएसएच वाढला, मग थायरॉईडचीच गोळी का?

प्रश्न असा आला आहे: "मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, घर मडकईला. आईचा टीएसएच ११.४ आला. घरी सगळे म्हणतात, तिचा थायरॉईड वाढलाय. मग डॉक्टरांनी थायरॉईडचीच गोळी का दिली? वाढलेलं आणखी वाढवायचं? बाबा इन्सुलिन घेतात, तेही हार्मोनच. मग आईला गोळी आणि बाबांना सुई असं का? पुस्तकातली ग्रंथींची यादी पाठ केली, पण त्यातून यातलं काहीच कळत नाही. मुळापासून सांगाल का?"

बाय, यादीतून हे कळणारही नाही. यादीत ग्रंथींची नावं असतात, पण त्यांचं एकमेकींशी दिवसरात्र जे बोलणं चालू असतं ते नसतं. आजार होतो तो बहुतेक वेळा त्या बोलण्यात. पंचवीसहून अधिक वर्षं मी फोंड्यात मधुमेहाचे आणि थायरॉईडचे रुग्ण तपासते आहे. तुमच्या घरी झाला तो घोटाळा माझ्याकडे रोज येतो. "दोतोर, म्हाका थायरॉयड आसा" असं म्हणत माणूस खुर्चीत बसतो. थायरॉईड सगळ्यांनाच असतो. गळ्यात कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून बसलेली, फुलपाखराच्या आकाराची पंधरा-वीस ग्रॅमची ती ग्रंथी आहे. तिचं काम कमी पडतंय की जास्त होतंय, हे सांगितल्याशिवाय आजार सांगून होत नाही. दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत.

आधी हार्मोन म्हणजे काय ते घे. सकाळी तुमच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. सायकलचा भोंगा वाजवत तो सगळ्या वाटांनी फिरतो. भोंगा ऐकू सगळ्यांनाच येतो, पण ज्यांना पाव हवे असतात तेच दार उघडतात. हार्मोनचं असंच आहे. लाळेच्या किंवा घामाच्या ग्रंथीला आपला रस नेऊन सोडायला नळी असते. अंतःस्रावी ग्रंथीला नळी नसते, ती आपला रस थेट रक्तात सोडते. रक्त मिनिटाभरात शरीराची फेरी पुरी करतं, त्यामुळे हार्मोन प्रत्येक पेशीच्या दारावरून जातो. ज्या पेशीपाशी त्या हार्मोनसाठीचा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, असतो तीच पेशी दार उघडते. बाकीच्यांना त्याचं काही नसतं. आणि हा निरोप किती बारीक असतो बघ: मोकळा टी-४ हा थायरॉईडचा हार्मोन मोजायचा तर एक डेसिलिटर रक्तात साधारण एक नॅनोग्रॅम भरतो, म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. तेवढ्यावर तुझं हृदय किती जलद चालावं, आतडी किती हलावीत, अंगात ऊब किती राहावी हे ठरतं.

शरीरातले निरोप रक्तातून जातात हे कळून फार दिवस झालेले नाहीत. आधी सगळा कारभार नसांकडे, म्हणजे मज्जातंतूंकडे, आहे असं मानत. १९०२ साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी एका कुत्र्याच्या लहान आतड्याच्या तुकड्याला जाणाऱ्या नसा कापल्या आणि त्या तुकड्यात आम्ल सोडलं. नसा तुटलेल्या, तरी स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागला. आतड्याने काहीतरी रक्तात सोडलं होतं आणि ते स्वादुपिंडाला पोचलं होतं. त्याला त्यांनी सिक्रेटिन नाव दिलं. १९०५ साली स्टार्लिंगने अशा सगळ्या द्रव्यांसाठी 'हार्मोन' हा शब्द वापरला. तो ग्रीक आहे, अर्थ चेतवणारा. आपल्या पुस्तकातला 'संप्रेरक' शब्द तोच अर्थ सांगतो, आणि मला तो आवडतो.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. त्यासाठी घराजवळच्या खाजनात, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, चल. बांधावर मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारं दार, असते, तिची लाकडी दारं तू लहानपणापासून पाहिली असशील. भरती चढू लागली की नदीचं पाणी बाहेरून दारावर दाबतं आणि दार मिटतं. खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरतं, आतल्या पाण्याचा दाब जड होतो आणि दार उघडतं. रात्री दोन वाजता तिथे दार लावायला कोणी उभं नसतं. पाणी वाढलं की पाण्यानेच दार बंद होतं.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक हार्मोनच्या वाटेवर अशी एक मानस आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे. त्याच्याखाली हाडाच्या एका खोलगट जागेत, वाटाण्याएवढी, अर्ध्या ग्रॅमची पिट्युटरी लोंबते. हायपोथॅलॅमस पिट्युटरीला सांगतो, पिट्युटरी टीएसएच, म्हणजे थायरॉईड स्टिम्युलेटिंग हार्मोन, सोडते, टीएसएच थायरॉईडला कामाला लावतो आणि थायरॉईड टी-४ आणि थोडा टी-३ तयार करतो. रक्तात हे दोन पुरेसे झाले की तेच वर जाऊन दार लावतात, टीएसएच कमी होतो. ते उतरले की दार उघडतं, टीएसएच वाढतो.

म्हणजे टीएसएच थायरॉईडचा हार्मोन नाहीच. नावात थायरॉईड असल्यामुळे सगळे फसतात. तो थायरॉईडला पिट्युटरीने मारलेल्या हाका आहेत. तुझ्या आईची ग्रंथी थकली आहे, पुरेसा टी-४ देत नाही, म्हणून पिट्युटरी मोठमोठ्याने हाका मारते आहे. ११.४ हा त्या हाकांचा आकडा आहे. डॉक्टरांनी दिलेली थायरॉक्सिनची, म्हणजे टी-४चीच, गोळी कमी पडलेला टी-४ भरून काढते. तो भरला की दार आपोआप मिटेल आणि टीएसएच खाली येईल. वाढलेलं काही वाढवलेलं नाही. आम्ही आधी टीएसएच का बघतो याचंही उत्तर यातच आहे. टी-४ जरासा घसरला तरी टीएसएच कितीतरी पटींनी चढतो. टी-४ निम्म्यावर आला तर टीएसएच शंभरपटीपर्यंत जाऊ शकतो. कमतरता आहे हे टी-४ स्वतः सांगेल त्याच्या बऱ्याच आधी टीएसएच सांगतो.

ग्रंथी थकली का, हेही तू विचारशीलच. तुझ्या आईच्या वयाच्या बायकांत बहुतेक वेळा कारण एकच असतं: शरीराची संरक्षण यंत्रणाच थायरॉईडला परका समजून हळूहळू पोखरते. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली हे पहिल्यांदा लिहून ठेवलं, म्हणून आजाराला त्यांचं नाव आहे. अँटी-टीपीओ ही रक्ततपासणी त्याचीच खूण शोधते. आईने काही चुकीचं खाल्लं म्हणून हे झालेलं नाही, हे तिला नक्की सांग. अशा बायका स्वतःला फार दोष देतात. कोबी, फ्लॉवर सोडायची गरज नाही, शिजवून खाल्लं तर नेहमीच्या प्रमाणात काही बिघडत नाही.

आयोडीनबद्दल मात्र आपल्या भागात एक गैरसमज पक्का आहे. "आम्ही समुद्राकाठचे, आम्हाला आयोडीन कमी कसं पडेल?" मासळीत आयोडीन आहे हे खरं. पण मिठागरातल्या गावठी मिठात ते फारच थोडं असतं, समुद्राचं असलं तरी. ते मीठ चवीला चांगलं, कैरीच्या लोणच्याला तर तेच हवं, पण रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठ असू दे. भारतात खाण्यासाठी आयोडीनविना मीठ विकायला २००६ सालापासून बंदी आहे, ती उगीच नाही. मोठ्या माणसाला दिवसाला फक्त १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गर्भवतीला सुमारे २५०. आईच्या पोटात असताना ते कमी पडलं तर बाळाच्या मेंदूचं नुकसान होतं, आणि ते पुढे भरून येत नाही. पण आईचा आजार हाशिमोतोचा असेल तर जास्त आयोडीन खाऊन तो बरा होत नाही, उलट कधी वाढतो. म्हणून समुद्रशेवाळाच्या गोळ्या वगैरे कोणी सांगितल्या तर घेऊ नका.

गोळीविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे माझ्या हातून चूक झालेली आहे. दवाखाना सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. एक शिक्षिका माझ्याकडे थायरॉक्सिन घेत होती. टीएसएच उतरेना. मी डोस वाढवला, तरी उतरेना. पुन्हा वाढवला. तिसऱ्या खेपेला मी विचारलं ते पहिल्याच खेपेला विचारायला हवं होतं: "गोळी नेमकी कशी घेता, घेऊन दाखवा." तिने पर्समधून डबी काढली. सकाळी चहाबरोबर थायरॉक्सिन, त्याच घोटाला लोहाची गोळी आणि कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, ते रक्तात जाऊच देत नाहीत. गोळ्यांची वेळ बदलली आणि मला डोस वाढवायचा सोडून कमी करावा लागला. तेव्हापासून मी डोस बदलायच्या आधी गोळी कशी घेतात ते विचारते.

तुझ्या आईने गोळी सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी साध्या पाण्याने घ्यावी, आणि चहा-कॉफी निदान अर्ध्या तासाने, जमलं तर तासाने. लोह, कॅल्शियम चार तासांनंतर. बाटली ओट्यावर किंवा खिडकीत ठेवू नये. आपल्या पावसाळ्यात दमट हवेने गोळ्या खराब होतात. झाकण घट्ट लावून कपाटात, आतली ओलावा शोषणारी पुडी काढून टाकायची नाही. आणि केस गळतात म्हणून ती बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असेल तर तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बंद करायच्या, लॅबला सांगायचं. काही यंत्रांत बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो.

आता एक वेगळी गोष्ट, कारण परिचारिका म्हणून ती तुझ्या कामाची आहे. बरीच वर्षं अंगात जीव नसलेली, थंडी सहन न होणारी, फिकट पडलेली एक बाई माझ्याकडे आली. तिच्याजवळ जुने तीन रिपोर्ट होते, तिन्हींत टीएसएच नॉर्मल, म्हणून 'थायरॉईड ठीक' असं तिला सांगितलेलं. मी मोकळा टी-४ करून घेतला, तो बराच खाली होता. टी-४ इतका कमी आणि पिट्युटरी गप्प? मानशीचं दार उघडायला हवं होतं, उघडलेलं नव्हतं. मग बाळंतपणाचं विचारलं. शेवटच्या बाळंतपणात फार रक्तस्राव झाला होता, बाळाला पाजायला दूध आलंच नाही आणि त्यानंतर पाळी कधी आली नाही. घरच्यांनी 'अशक्तपणा' म्हणून सोडून दिलं होतं. गर्भारपणात पिट्युटरी वाढलेली असते, तिला रक्त जास्त लागतं. मोठ्या रक्तस्रावात ते पोचलं नाही की तिचा भाग मरतो. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ साली याचं वर्णन केलं, त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. अशा रुग्णाला आधी कॉर्टिसोल हा अधिवृक्क ग्रंथींचा हार्मोन भरून द्यावा लागतो आणि मगच थायरॉक्सिन. उलट केलं तर जीव धोक्यात येतो. तिचा चेहरा दोन महिन्यांत उजळला. उद्या प्रसूती विभागात काम करशील तेव्हा खूप रक्त गेलेल्या बाळंतिणीला "दूध आलं का?" हे विचारायला विसरू नको.

मानस एकदा कळली की बाकीचे रिपोर्टही वाचता येतात. रजोनिवृत्तीच्या सुमारास एफएसएच, म्हणजे अंडाशयांना कामाला लावणारा पिट्युटरीचा हार्मोन, चढतो, कारण अंडाशय शांत होत चालतात आणि पिट्युटरी त्यांना हाका मारते. तुझ्या आईचं वय त्याच सुमाराचं असेल तर पाळीचा अनियमितपणा सगळाच थायरॉईडच्या माथी मारू नका.

आता बाबांची सुई. इन्सुलिन म्हणजे दोन साखळ्यांत गुंफलेली एक्कावन्न अमिनो आम्लं, म्हणजेच छोटं प्रथिन. ते गिळलं तर हुमणातल्या माशाचं प्रथिन जसं पचतं तसंच पचेल, हार्मोन म्हणून रक्तात काही पोचणार नाही. थायरॉक्सिन टायरोसिन या एका अमिनो आम्लापासून घडलेला लहान रेणू आहे, तो पोटातून सुखरूप जातो. तिसरा गट कोलेस्टेरॉलपासून बनणाऱ्या स्टेरॉईड हार्मोनांचा: कॉर्टिसोल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन. त्यांतल्या बऱ्याच औषधांच्या गोळ्या मिळतात.

बाबांच्या बाबतीत मुख्य अडचण मात्र वेगळी आहे. टाइप १ मधुमेहात पोदेरच येत नाही, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात. टाइप २ मध्ये, जो बहुधा तुझ्या बाबांना असेल, पोदेर येतो, भोंगा वाजवतो, पण घरांना ऐकू येईनासं झालेलं असतं. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देत नाहीत. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन काढतं, वर्षानुवर्षं काढतं आणि शेवटी दमतं. तेव्हा बाहेरून द्यावं लागतं. सुई सुरू झाली म्हणजे शेवट आला असं आपल्याकडे मानतात, आणि या भीतीने माणसं पाच-पाच वर्षं साखर ३०० वर ठेवून डोळे आणि मूत्रपिंडं गमावतात. मला याचं फार वाईट वाटतं. १९२१ साली टोरोंटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं केलं. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा टोचलं गेलं तो रुग्ण चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याआधी टाइप १ झालेलं मूल उपासमारीच्या आहारावर काही महिने, फार तर एखाद-दोन वर्षं काढत असे. त्या सुईकडे मी त्याच नजरेने बघते.

आणि हा प्रश्न आपल्या गोव्याचा आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशभर केलेल्या इंडियाब या मधुमेहाच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. भारतात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के, गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत जास्त. साधारण चार मोठ्या माणसांत एक. ऐकू न येणाऱ्या घरांना पुन्हा ऐकू यायला लागावं यासाठी स्नायू हलवण्याइतकं दुसरं चांगलं काही नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं बाबांना लावून दे, तू बरोबर जा.

स्टेरॉईडचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट सांगतेच. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल बनवतात, सकाळी सर्वांत जास्त, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. गुडघ्यांच्या दुखण्यावर चिठ्ठी नसलेल्या, नाव नसलेल्या पुड्या घेणारे लोक मी पाहिले आहेत. दोन दिवसांत दुखणं पळतं, कारण पुडीत स्टेरॉईड मिसळलेलं असतं. बाहेरून कॉर्टिसोलसारखं औषध सतत येत राहिलं की मानशीचं दार मिटलेलंच राहतं आणि ग्रंथी सुकत जातात. मग एक दिवस पुड्या संपतात, त्यात ताप येतो आणि माणूस रक्तदाब उतरून कोसळतो. स्टेरॉईड महिनोन्महिने घेतलेल्या कोणाचंही औषध एकदम थांबवायचं नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायचं. दम्याच्या इनहेलरला मात्र घाबरू नका, त्यातला डोस फार लहान असतो आणि श्वास वाचवतो.

दार उलटं चालतं अशीही एक जागा आहे. प्रसूतीच्या कळांत ऑक्सिटोसिन गर्भाशय आवळतं, बाळाचं डोकं खाली दाबतं, त्या दाबाने आणखी ऑक्सिटोसिन सुटतं. बाळ जन्मेपर्यंत ते वाढतच जातं. बाळाचं रडणं कानावर आलं तरी दूध सुटतं, तेही ऑक्सिटोसिनचंच काम.

तुझ्या यादीत नसलेल्या जागाही हार्मोन काढतात. मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन बनवतं आणि त्यामुळे हाडांच्या मगजात तांबड्या रक्तपेशी तयार होतात. म्हणून डायलिसिसच्या रुग्णांचं हिमोग्लोबिन उतरतं आणि त्यांना त्याचं इंजेक्शन द्यावं लागतं. चरबी लेप्टिन सोडते, हे १९९४ साली कळलं. हृदयाचेही हार्मोन आहेत. यादी वाढते आहे, पाठांतराच्या मागे लागू नको.

"हार्मोन बिघडलेत" असं कोणी म्हणालं की तू तीन गोष्टी विचार: कोणता निरोप, तो निघालाच नाही की ऐकलाच गेला नाही, आणि त्याला थांबवणारं दार कुठे आहे?

आता आईसाठी. थायरॉक्सिनचं अर्धं प्रमाण रक्तातून जायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणून नवा डोस स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे हवेत. त्याआधी तपासणी केली तर आकडा अर्धवट दिसेल, आणि त्यावरून डोस बदलला तर चूक होईल. गोळी सुरू केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव, सहा आठवड्यांनी सकाळी, त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी, टीएसएच आणि मोकळा टी-४ दोन्ही करा. मधल्या काळात छातीत धडधड, हातांना कंप किंवा झोप उडाली तर सहा आठवडे थांबायचं नाही, त्याच डॉक्टरांकडे जायचं. आणि पहिल्या दोन आठवड्यांत काहीच फरक वाटत नाही म्हणून ती गोळी सोडायला निघाली, तर तिला बोरीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या खाजनात घेऊन जा आणि मानस दाखव. तिला ती तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.